रहाडीच्या काठावरचे फोटो

रंगपंचमीच्या दुपारी माझा भाऊ रहाडीच्या काठावर फोटो काढत होता. पलीकडून त्याच्या मित्राने उडी मारली. ती भावाच्या अंगावर आली. भाऊ रहाडीत पडला. पडताना त्याचं डोकं दगडावर आपटलं. संध्याकाळी दवाखान्यात त्याचा जीव गेला.

हे आज मला असं ओळीने लिहिता येतं, कारण मध्ये बरीच वर्षं गेली. त्या दिवशी यातलं काहीच या क्रमाने माझ्यापर्यंत आलं नव्हतं. मी घरात वाचत बसले होते. चौकातून ढोलाचा आवाज येत होता आणि तो एकाएकी थांबला. रंगपंचमीला भरदुपारी ढोल थांबत नाही. मी पुस्तक बंद न करताच उठले. गॅलरीत गेले तर गल्लीतून रंगाने माखलेली माणसं पळत येत होती. सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे, त्यामुळे कोण कोणता ते ओळखू येईना. त्यातला एकजण खालून ओरडला, "ताई, खाली या!" आवाजावरूनही मी त्याला ओळखलं नाही.

रहाड म्हणजे काय, हे नाशिकबाहेरच्यांना सांगावं लागतं. जुन्या नाशकात काही चौकांच्या पोटात दगडी बांधणीचे हौद आहेत. वर्षभर ते लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेले असतात. त्यांच्यावरून रिक्षा जातात, पोरं क्रिकेट खेळतात. नव्या माणसाला खाली काही आहे याचा पत्ताही लागत नाही. होळी झाली की माती उकरतात, ओंडके काढतात, हौद धुऊन पाणी भरतात आणि फुलं उकळून केलेला रंग त्यात ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. पूजेचा आणि पहिल्या उडीचा मान एका घराकडे असतो. त्या उडीला धप्पा म्हणतात. गुडघे पोटाशी घेऊन बसकण मारल्यासारखं पडायचं, म्हणजे पाणी काठाबाहेर उसळतं आणि उभे असलेले सगळे भिजतात. ज्याच्या धप्प्याने जास्त लोक भिजले त्याचं नाव पुढच्या वर्षीपर्यंत निघतं.

आमच्या चौकातला मान भावाच्या मित्राच्या घराकडे होता. दोघं एका बाकावर शिकले. मित्र माझ्या आईला मावशी म्हणायचा आणि मला ताई. अंगाने आडवा, बोलायला मोठा, आणि दर वर्षी पहिला धप्पा त्याचा.

भाऊ ओझरला विमानांच्या कारखान्यात नोकरीला होता. पहाटे बसने जायचा, चारपाचला परत यायचा, तोंड धुतलं की कॅमेरा हातात. नव्वदच्या दशकात त्याच्याकडे रोलचा कॅमेरा होता. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. तेव्हा तो एका फोटोसाठी इतका वेळ उभा राहायचा, की समोरचा माणूस कंटाळून निघून जाई. मला त्याचं ते थांबणं आवडायचं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होते, आणि घरात माझ्यासारखं हळू असलेलं आणखी कोणीतरी आहे असं मला वाटायचं.

मग दोन हजार सालानंतर काही वर्षांनी त्याने डिजिटल एसएलआर घेतला, आणि तो बदलला. बदलला म्हणजे बोट दाबून ठेवायला शिकला. बटण दाबून धरलं की कॅमेरा एकामागून एक फोटो घेत सुटायचा, शिवणयंत्रासारखा आवाज करत. थोड्या वेळाने त्याची आतली जागा भरायची आणि तो दम लागल्यासारखा थांबायचा. याला तो बर्स्ट म्हणायचा.

"एवढ्यातला एकच ठेवायचा तर बाकीचे काढतोस कशाला?" मी एकदा विचारलं.

"तू पन्नास पानं वाचून एका वाक्याखाली रेघ मारतेस, तेव्हा मी विचारतो का बाकीची पानं कशाला वाचलीस म्हणून?"

 तो बाकीचे पुसतही नव्हता. सगळे कॉम्प्युटरवर साठवून ठेवायचा.

फिशआय लेन्स त्याला मेन रोडवरच्या एका स्टुडिओवाल्याने दिली, वापरलेली. "घेऊन जा बाबा," तो म्हणाला होता, "लग्नात चालत नाही ही. नवरीचा भोपळा होतो आणि वरमाई भांडायला येते." लेन्सची काच पुढे फुगलेली, बेडकाच्या डोळ्यासारखी. तिच्यावर झाकणाशिवाय दुसरं काही बसत नसे. तिच्यातून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं दिसायचं, पण सरळ काही राहायचं नाही. पहिला फोटो त्याने आमच्या स्वयंपाकघराचा काढला. ओटा, फडताळ, खिडकी, सगळं गोल वाकलेलं, मध्ये आई.

आई म्हणाली, "घर पडायला आल्यासारखं दिसतंय. पुसून टाक ते."

"अगं, घर पडत नाहीये. तुझ्याकडे बघायला वाकलंय."

आईला ते आवडलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही सायखेड्याला आत्याकडे गेलो होतो. आत्या ओसरीत कांदे निवडत बसली होती. भावाने डोळ्याला कॅमेरा लावला, बोट दाबलं आणि तो पुढे सरकू लागला. आत्या आधी हसली, मग मागे झुकली, मग तिने हातातला कांदाच त्याच्या छातीवर मारला.

"अरे मेल्या, नाकात घालतो का काय तो डबा?"

भावाने कॅमेरा खाली घेतला. आत्याचा चेहरा त्याच्यापासून वीतभर होता. तो दचकला.

"तू तर लांब होतीस!"

"मी हाय तिथंच हाय. तूच आला चालत."

आम्ही खूप हसलो. परतताना बसमध्येही हसत होतो. फोटोत आत्याचं नाक कांद्याएवढं आलं होतं आणि मागचं घर काडेपेटीएवढं.

पुढच्या रंगपंचमीला सकाळी मित्र आमच्या दारात आला. अंगात जुनी बनियन, हातापायांना खोबरेल चोपडलेलं. आई भावाच्या मानेला तेल लावत होती, कारण रहाडीचा रंग आठवडाभर निघत नाही. भाऊ कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधत होता आणि लेन्सपुरतं भोक पाडत होता.

"मावशी, ह्याला आत्ताच सांगून ठेवा," मित्र म्हणाला. "हा तो डबा घेऊन काठावर दिसला ना, तर डब्यासकट ह्याला घेऊनच धप्पा मारणार मी."

"आधी नीट उडून दाखव," भाऊ म्हणाला. "गेल्या वर्षी पोत्यासारखा पडलास."

"पोतं तर पोतं. तुझ्या अंगावर पडलं म्हणजे कळेल वजन."

आई हसली. "मारा रे बाबांनो काय मारायचं ते. जेवायला तेवढे वेळेवर या."

हे बोलणं मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण पुढे ते आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारलं गेलं की त्यातला एक शब्दही हलायची सोय राहिली नाही.

पोलिसांनी अपघात अशी नोंद केली. मित्र त्यांना म्हणाला, मी उडी मारली, तो पलीकडे होता, पुढचं मला माहीत नाही. चौकातल्या लोकांनीही तेच सांगितलं. काठावर इतकी गर्दी होती, इतकं पाणी उडत होतं, की प्रत्येकाने काहीतरी पाहिलं होतं आणि कोणीच सगळं पाहिलं नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने तिथे प्रश्न संपला.

आमच्या घरात तो दहाव्यानंतर सुरू झाला.

धक्का लागला तेव्हा कॅमेरा भावाच्या हातातून मागे उडाला होता आणि रंगाच्या रिकाम्या पोत्यांवर पडला होता. लेन्सच्या कडेचा एक टवका उडाला, बाकी त्याला काही झालं नाही. तो कोणीतरी स्टुडिओवाल्याकडे पोचवला. त्या भल्या माणसाने कार्डातले फोटो सीडीवर उतरवले आणि सीडी आणि कॅमेरा घेऊन तो आमच्याकडे आला. "त्याने काढलेले शेवटचे आहेत," तो म्हणाला. "घरात असावेत." तो बसलाही नाही.

भावाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मी सुरू केला. मागे आई, मामा आणि अजून दोघंतिघं नातेवाईक उभे होते. मला वाटलं होतं, गर्दीचे फोटो असतील, रंगांचे असतील. ते होतेच. पण शेवटी एक बर्स्ट होता.

मी बाणाचं बटण एकेकदा दाबत गेले. पहिल्या फोटोत पलीकडचा काठ होता आणि त्यावर बाहुल्यांएवढी माणसं. भोवतीच्या इमारती आत झुकलेल्या. मधला हौद एखाद्या तलावाएवढा पसरलेला. बाहुल्यांमधली एक हात वर करून धावत होती. पुढच्यात ती काठावर, त्याच्या पुढच्यात हवेत. पाय पोटाशी, तोंड उघडं, लहानसा, लांब. आणखी दोन फोटो, तरी तो लांबच. आणखी एक, तळहाताएवढा. आणि मग शेवटचा. त्यात एक तळपाय होता, एक गुडघा होता आणि कडेला वाकलेलं आभाळ.

 आईने टेबलाची कड धरली.

मामा म्हणाले, "केवढा मोठा हौद आहे हा! एवढं पाणी सोडून हा बरोबर त्याच्याच अंगावर कसा आला?"

 मग आई म्हणाली, "तो म्हणाला होता. माझ्यासमोर म्हणाला होता. घेऊनच मारणार म्हणून."

मला तिच्याकडे बघवेना. मी पडद्याकडे बघत राहिले, आणि पडद्यावर तो तळपाय होता. आईचं म्हणणं मला खोटं वाटत नव्हतं, हे मला लिहिलं पाहिजे. फोटोत तसंच दिसत होतं. एक माणूस एवढं मोठं पाणी ओलांडून, पाय पुढे करून, माझ्या भावाकडे येत होता. ज्याने आमच्या घरात शेकडो वेळा जेवण केलं होतं, त्याचे ते पाय होते. 

संध्याकाळी मित्र नेहमीप्रमाणे खाली येऊन उभा राहिला. दहा दिवस तो रोज येत होता, पाणी भरत होता, माणसांची ने-आण करत होता. आई दारात गेली.

"तू येऊ नकोस आता," ती म्हणाली.

"मावशी..."

"मावशी म्हणू नकोस."

तो गेला. त्याने का, म्हणून विचारलंही नाही. तेच मला जास्त लागलं. जणू याचीच तो वाट पाहत होता.

रहाड त्याच आठवड्यात बुजवली गेली होती. ओंडके परत बसले, माती पसरली, रिक्षा सुरू झाल्या. मला कामावर जाताना त्या चौकातून जावं लागे. मी कडेकडेने जायची.

एके दिवशी तो ग्रंथालयाच्या फाटकाशी उभा दिसला. निम्मा झाला होता.

"ताई, फोटो आहेत म्हणे."

"आहेत."

"त्यात काय दिसतं?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मला सांगा ना. मला आठवतच नाही हो. तो समोर होता हे आठवतं. त्याला भिजवायचं होतं, डबा भिजवून टाकायचा होता, हेही आठवतं. पण मी हौदाच्या मध्यावर उडी घेतली का त्याच्याकडे घेतली, ते..." त्याने डोक्यावर हात ठेवला. "सकाळी बोललो होतो ना मी. मग उडी मारताना तेच मनात असेल तर? माणूस बोलतो तसं अंग वळत असेल तर?"

म्हणजे आईला जी शंका होती तीच त्याला होती. मला हे अपेक्षित नव्हतं. मी घरी आले आणि बराच वेळ चपलाही काढल्या नाहीत.

त्यानंतर मी भावाचे जुने फोटो बघायला लागले. काही शोधायचं म्हणून नव्हे. मला त्याने काय काय बघितलं ते बघायचं होतं, एवढंच. मी सुट्टीच्या दिवशी एकेक फोल्डर उघडायची, पुस्तक वाचते तसं पहिल्या पानापासून. फिशआयचे बर्स्ट मी आधी कधी ओळीने पाहिलेच नव्हते. तो आम्हाला त्यातला निवडलेला एकच दाखवायचा.

आत्याचा बर्स्ट उघडला. पहिल्या फोटोच्या तळाशी ओसरीची पायरी होती आणि तिच्या अलीकडे भावाच्या पायाची बोटं. फिशआयमध्ये इतकं खालचं येतं, की काढणाऱ्याचे पाय वाचवणं अवघड जातं. काही फोटोंनंतर बोटं पायरीवर होती. मग पायरी नाहीशी झाली आणि कांद्याची टोपली आली. मग टोपलीही नाही. आत्या मात्र इतका वेळ जवळपास तेवढीच, लांबच्या लांब. आणि मग एकदम नाक.

मी पुढचा बर्स्ट उघडला. गोदावरीवर धुणं धुणारी बाई. तळाशी घाटाची एक पायरी, मग दुसरी, मग पाणी. शेजारच्यांचा कुत्रा. आधी फरशी, मग कुत्र्याचं ताट, मग जीभ. प्रत्येक वेळी तो चालत होता. डोळ्याला कॅमेरा, बोट दाबलेलं, आणि समोरचं लांब वाटतंय म्हणून पाय पुढे. आपण चालतोय हे त्याला कळतच नव्हतं. आत्याच्या ओसरीत तो दचकला होता, त्याचा अर्थ इतका साधा होता आणि आम्ही बसमध्ये त्यावर हसत आलो होतो.

रहाडीचा बर्स्ट उघडायला मला धीर होत नव्हता. उघडला तेव्हा मी मित्राकडे पाहिलंच नाही. प्रत्येक फोटोची फक्त खालची कड पाहिली.

काठाच्या एका दगडाचा कोपरा तुटलेला आहे. पहिल्या फोटोत तो दगड भावाच्या बोटांच्या पुढे होता. मित्र धावू लागला तेव्हाही पुढे होता. मित्राचे पाय काठावरून सुटले त्या फोटोतसुद्धा भाऊ दगडाच्या अलीकडे होता, सुरक्षित, मागे. पुढच्यात बोटं दगडावर होती. त्याच्या पुढच्यात दगडाच्या कडेबाहेर. शेवटच्या आधीच्या फोटोत दगड नव्हता. तळाशी नुसतं रंगाचं पाणी होतं आणि पाण्यावर त्याची सावली, कोपर वर केलेली, पुढे वाकलेली.

मी बाण मागे दाबला. दगड परत आला. पुढे दाबला, दगड गेला. हे मी किती वेळ करत होते माहीत नाही. मित्र हवेत होता. हवेतल्या माणसाला वळता येत नाही. माझा भाऊ त्याच्याखाली चालत आला होता.

माझा स्वतःवर विश्वास बसेना. मी पुस्तकांत रमणारी बाई. कॅमेऱ्यातलं मला काही कळत नव्हतं. म्हणून मी मित्राला चौकात बोलावलं. दुपारी तिथे कोणी नसतं. मी पिशवीतून कॅमेरा काढला तसा त्याचा चेहरा उतरला.

"तू जिथून उडी मारलीस तिथे उभा राहा," मी म्हटलं. "हलू नकोस. मी तुझ्याकडे येते."

बुजवलेल्या रहाडीच्या या टोकाला मी उभी राहिले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. चौक एकदम मैदानाएवढा झाला. तो पलीकडे, इतका लहान, की मला वाटलं हाक मारली तर ऐकू जाणार नाही. मी चालायला लागले. तो थोडासा मोठा झाला. अजून लांब होता.

"ताई, बास."

मला त्याचा आवाज चमत्कारिक जवळून आला. पण तो तर लांब दिसत होता.

"ताई, थांबा म्हणतो ना!"

मी आणखी एक पाऊल टाकलं आणि सगळं काळं झालं. त्याने लेन्सवर तळहात ठेवला होता. मी कॅमेरा खाली घेतला. माझ्या चपलांची टोकं त्याच्या पायांना लागली होती. त्याने दुसऱ्या हाताने माझं कोपर धरलं होतं, नाहीतर मी त्याच्या अंगावर गेले असते.

 मला सगळं आधी ठाऊक असून मी गेले होते. ठाऊक असून माझे पाय थांबले नव्हते.

तो तिथेच मातीत बसला.

"म्हणजे त्याला मी दिसलोच नाही?"

"दिसलास. लांब दिसलास."

"मी उडी घेतली तेव्हा तो मागे होता?"

"मागे होता. फोटो आहे."

 तो मातीवर हात फिरवत राहिला, खाली हौद असल्याची खात्री करून घ्यावी तसा. मग म्हणाला, "लय वाईट आहे हे, ताई. मला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल."

मलाही तसंच वाटलं होतं. मी घरी गेले ती आईला सांगायचं ठरवून, आणि सांगायला मला कित्येक दिवस लागले. दोष एकाच्या अंगावरून उतरवला की तो हवेत राहत नाही. तो मला आता आईच्या मुलावर ठेवायचा होता.

शेवटी एका दुपारी ती पाटावर डाळ निवडत बसली असताना मी कॅमेरा घेऊन गेले.

"आई, यातून बघ."

"मला नको ते. ठेव आत."

"एकदा बघ. मग मी पुन्हा नाही काढणार."

तिने हात पदराला पुसले. कॅमेरा तिला जड झाला, म्हणून मी खालून आधार दिला आणि तिच्यासमोर उकिडवी बसले.

"मी कुठे आहे?"

"तिकडे. दाराशी."

"हात लाव मला."

"एवढ्या लांब कसा पोचेल हात?" असं म्हणत तिने हात पुढे केला, आणि तिची बोटं माझ्या गालावर आपटली. बांगड्या वाजल्या. तिने हात झटकन मागे घेतला, चटका बसल्यासारखा. मग पुन्हा पुढे केला, या वेळी सावकाश, आणि माझं नाक, कपाळ चाचपून पाहिलं, तसाच डोळा कॅमेऱ्याला ठेवून.

मी तिला दगडाचं सांगितलं. आत्याच्या ओसरीचं सांगितलं. 

"म्हणजे तोच पुढे गेला," ती म्हणाली.

"हो."

"आपल्या पायांनी."

"त्याला कळलं नाही, आई."

तिने कॅमेरा माझ्या हातात दिला. डाळीचं ताट जवळ ओढलं. एकही खडा काढला नाही.

"इतके दिवस रागवायला कोणीतरी होतं," ती म्हणाली. "ते पण घेतलंस."

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. पावसाळा गेला, दिवाळी आली आणि गेली. आम्ही आकाशकंदील लावला नाही. मित्राचं नाव घरात निघत नव्हतं. मला बाहेरून कळत होतं की त्याने मान सोडलाय. यंदा मी रहाडीत उतरणार नाही, पूजाही करणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी बघा, असं त्याने घरच्यांना सांगितलं होतं. घरचे हवालदिल झाले होते. मानाचं घर पूजेला नसेल तर रहाड उघडायची कशी, यावर चौकात बैठका चालल्या होत्या.

हे आईच्या कानावर कोणी घातलं मला माहीत नाही. मी घातलं नव्हतं. होळीनंतर दोन दिवसांनी संध्याकाळी मी कामावरून आले तर घराला कुलूप. आई गेल्या वर्षभरात देवळापलीकडे कुठे गेली नव्हती. मी शेजारी विचारलं, मग चौकात आले, आणि मला त्याच्या घराच्या ओट्यावर ती दिसली. तो खाली उभा होता, हात जोडल्यासारखे पुढे धरलेले. मी जवळ गेले तेव्हा ती बोलत होती.

"तू उडी मारलीस. तो चालत आला. दोन्ही खरं आहे."

"हो, माव..." तो अडखळला.

"म्हण."

"हो, मावशी."

"मी हसले होते त्या दिवशी. तुमचं ऐकून. तेही खरं आहे." तिने पदर सावरला. "पूजा कर. उडी मारायची की नाही ते तुझं तू बघ. पण पूजा दुसऱ्या घरात घालवू नकोस."

त्याने मान हलवली. 

"आता घरी सोड मला. येताना आले, जाताना गुडघे ऐकायचे नाहीत."

तो तिचा हात धरून चालू लागला. रहाडीवरची माती उकरायला सुरुवात झाली होती, म्हणून दोघं कडेने गेले. मी मागून चालत होते. ती मध्येच थांबली, उघड्या पडलेल्या ओंडक्यांकडे पाहत म्हणाली, "एवढीशीच आहे की रे ही."

"हो, मावशी. एवढीशीच आहे."

त्या वर्षी त्याने पूजा केली आणि तो बाजूला झाला. धप्पा त्याच्या चुलतभावाने मारला. आम्ही दोघी खिडकी लावून घरात बसलो होतो. ढोल वाजत होता, आणि मी तो थांबेल म्हणून पूर्ण दुपार कान देऊन होते. तो थांबला नाही.

अजूनही रंगपंचमीला माझं तसंच होतं. वय झालं, पण आठवण जुनी होत नाही. ती दर वेळी पहिल्यांदाच घडते. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेत. कॅमेरा चालू होत नाही. रहाड दर वर्षी उघडते, पूजा तोच करतो, उडी मारत नाही. रविवारी दुपारी तो आमच्याकडे येतो, आईजवळ बसतो, आणि दोघं फारसं बोलत नाहीत.